आईचा कान आणि मी भरलेला फॉर्म

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. घरात सगळे म्हणतात, झालं ना आता चांगलं, मग कशाला उकरतेस. मी उकरणार. मी भराभर बोलते, त्याहून भराभर टाइप करते, आणि हे सगळं आमच्या घरच्या ग्रुपवर एकदा लिहून झालंय, तिथे कुणी उत्तर दिलं नाही. काकांनी फक्त हात जोडल्याचं चित्र टाकलं.

तर गोष्ट आईच्या डाव्या कानाची. त्याच्या पडद्याला भोक होतं. ती धरमतरच्या खाडीकडच्या गावात वाढली, लहानपणी कान वाहायचा, आजी त्यात कोमट तेल सोडायची, आणि वर्षानुवर्षं वाहून ते भोक तसंच राहिलं. उजव्या कानानं चाललं होतं, पण आता तोही दमायला लागला होता. आई पेणमध्ये एका घरगुती कारखान्यात पोह्याचे पापड लाटायला जाते. बारा बायका गोल करून बसतात आणि दिवसभर गप्पा हाणतात. एकदा मी तिला डबा द्यायला गेले होते. कुणीतरी कुणाच्या तरी सासूची नक्कल केली, बाकीच्या बायका हसून फुटल्या, आणि आई त्यांच्या तोंडाकडे बघून मग हसली. जरा उशिरा. रात्री तिला विचारलं, तुला नक्कल ऐकू आली का? म्हणाली, ‘आता काय सगळंच ऐकायला हवं काय गो?’

मीच मागे लागून तिला डॉक्टरकडे नेलं. रोह्याला एका छोट्या हॉस्पिटलात दर गुरुवारी कानाचे सर्जन येतात, आणि माझी मावशी रोह्यालाच राहते, म्हणून रोहा. डॉक्टरांनी नीट समजावलं. कानाच्या मागचीच पातळ कातडी काढून आतल्या भोकावर लावायची, ती धरली की पडदा झाला. सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी. कान नुसता बधिर करूनही करतात, पण आई घाबरून हलेल म्हणून पूर्ण भूल द्यायची ठरलं. एक गोष्ट त्यांनी बोट वर करून सांगितली: नवा पडदा धरेपर्यंत आतून जोर पडता कामा नये. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, वजन उचलायचं नाही. पहिल्यांदा निसटला तर दुसऱ्यांदा करता येतो, पण तेव्हा धरण्याची खात्री थोडी कमी असते.

उलटीचं नाव त्यांनी घेतलं नाही. आम्हीही घेतलं नाही.

होळीच्या आदल्या आठवड्यातला गुरुवार. बाबांची नागोठण्याला कंपनीत फर्स्ट शिफ्ट, सुट्टी मिळाली नाही, म्हणून काकांनी त्यांची गाडी काढली. हॉस्पिटलात पोचलो तर काउंटरवरच्या मुलीनं एक फॉर्म माझ्या हातात दिला आणि पेन दिलं.

आता माझं काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी एसटी स्टँडजवळच्या ई-सेवा केंद्रात बसते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, सगळे फॉर्म मी भरते. या कामात एक गोष्ट पहिल्याच महिन्यात कळते. ‘होय’ला टिक मारली की फॉर्म अडकतो. इतर ठिकाणी जमीन आहे का, होय, मग तिचा उतारा आणा. आधी अर्ज केला होता का, होय, मग त्याची पावती आणा. म्हणून आम्ही फक्त गरजेचं तेवढंच विचारतो आणि बाकी ‘नाही’च्या रकान्यात वरून खाली सरळ टिक मारत जातो. हात आपोआप जातो. माझा तर फार जोरात जातो.

हॉस्पिटलचा फॉर्म तसाच दिसत होता. साखर, नाही. रक्तदाब, नाही. दमा, नाही. आधी कधी भूल दिली असल्यास काही त्रास, प्रवासात मळमळ किंवा उलटी, असंही काही होतं. मी वाचलं, अगदीच वाचलं नाही असं नाही. मान वर करून आईला विचारलं, ‘तुला काही त्रास वगैरे?’ शेजारच्या खुर्चीवर काका बसले होते. आई म्हणाली, ‘नाय गो, मला कसला त्रास.’ मी सगळ्या टिक मारल्या, खाली सही केली, अर्ध्या मिनिटात फॉर्म परत. काउंटरवरची मुलगी म्हणाली, किती पटकन भरलात. आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना सुद्धा माझे कान तापतात.

ऑपरेशन चांगलं झालं. अकराच्या सुमारास आईला बाहेर आणलं, डोक्याभोवती गच्च पांढरी पट्टी. साडेअकराला ती शुद्धीवर येऊन तोंड आवळून पडली होती. मी म्हटलं, दुखतंय का? तिनं नुसती मान हलवली. मग डोळ्यांतून पाणी आलं आणि मग तिला उलटी झाली. नर्सनं ट्रे धरला, तोंड पुसलं, आणि म्हणाली, ‘होतंच हो भुलीनंतर.’

हे ‘होतंच’ मी त्या दिवशी इतक्यांदा ऐकलं. मावशी स्टीलच्या डब्यात तांदळाची पेज घेऊन आली होती. उपाशी पोटानं पित्त झालंय, चार चमचे पोटात जाऊ देत, म्हणून तिनं आईला उठवून बसवलं आणि भरवलं. आईनं गिळली, कारण मोठ्या बहिणीला नाही म्हणायची तिला सवय नाही. दहा मिनिटांत सगळं परत. मावशी म्हणाली, ‘होतंच, पोट साफ झालं.’ चार वाजता सर्जनना दुसऱ्या गावी जायचं होतं, खाटा मोकळ्या करायच्या होत्या, आम्हाला गोळ्यांची पिशवी मिळाली. मी नर्सला विचारलं, अजून मळमळतंय तिला, चालेल का? ती म्हणाली, घरी गेल्यावर थांबेल. आई म्हणाली, घरीच जाऊया, पापडाचा सीझन हाय, मी दोनच दिवस सांगून आलेय.

रोहा ते पेण कुणी गेलं असेल त्याला भिसे खिंड माहीत असेल. त्या वळणांवर धडधाकट माणसाचं पोट हलतं. आईला पहिली उलटी खिंडीतच झाली. मी मागच्या सीटवर एका हातानं पिशवी धरली होती, दुसऱ्या हातानं तिचं डोकं. ती एक हात पट्टीवर दाबून ओकत होती. पोटात काही उरलं नाही तरी नुसतं पिळवटून निघत होतं. नागोठण्याला गाडी थांबवली, परत. वडखळच्या आधी परत, वडखळ सोडल्यावर परत. काका आरशातून बघत म्हणाले, ‘वयनी, जरा धरून ठेवा, घर आलंच.’ आई खिडकीकडे तोंड करून म्हणाली, ‘काय नाय, धूळ लागली.’

धूळ लागली. मला तेव्हाच ओरडायला हवं होतं. आयुष्यभर मी तिला हे म्हणताना ऐकलंय. एसटीत बसली की खिडकी पकडते, तोंडावर पदर, गालात आवळा, आणि कुणी विचारलं की धूळ लागते. मला माहीत होतं की तिला गाडी लागते. घरात प्रत्येकाला माहीत होतं. फक्त ते ‘त्रास’ या नावाखाली कुणी कधी धरलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी सर्जननी कानातली पट्टी काढली, आत बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, जोराचा खोकला, शिंक, असं काही झालं होतं का? मी म्हटलं, उलट्या झाल्या. सहा. तुमच्या खाटेवर दोन आणि रस्त्यात चार. ते म्हणाले, पडदा सरकलाय. उलट्यांमुळेच असं शंभर टक्के सांगता येत नाही, पण कारण तेच दिसतंय. आईनं मला विचारलं, काय म्हणतात? तिच्या डाव्या बाजूनं बोलले होते ते.

मी भांडायला खाली गेले. भूल देणाऱ्या मॅडम तिथं होत्या, पन्नाशीच्या, डोळ्यांखाली काळं. मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. कानाचं ऑपरेशन आहे, भुलीनंतर पोट ढवळणार हे तुम्हाला माहीत नव्हतं का, औषध नसतं का यावर, असं सगळं. त्यांनी मला थांबवलं नाही. फाइल काढली आणि फॉर्म माझ्यासमोर ठेवला. ‘नाही’च्या रकान्यात वरून खाली एका रेषेत टिक. इतक्या सरळ की पट्टी लावून मारल्यासारख्या. खाली माझी सही.

‘हे तुमचं अक्षर का?’ एवढंच त्यांनी विचारलं.

मी घरी येऊन सगळ्यांवर ओरडले. बाबांवर, सुट्टी का घेतली नाही म्हणून. मावशीला फोन करून, पेज का भरवलीस म्हणून. ती म्हणाली, मग काय उपाशी मारायची होती बहिणीला? सगळ्यांशी भांडून झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की ज्या एका माणसावर ओरडायचं होतं ती मीच होते, आणि स्वतःवर ओरडताना आवाज निघत नाही. मग मी आईवर ओरडले. विचारलं, का नाही सांगितलंस मला?

त्या दिवशी तिनं सांगितलं. मी तिसरीत होते तेव्हाची गोष्ट. घरच्या लग्नाला सगळे टेंपोतून अलिबागला गेलो होतो. टेंपोत तिला उलटी झाली. काका तेव्हा तरुण होते, त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, वयनी, गोड बातमी हाय काय? टेंपोभर लोक हसले. बाबांच्या आईनं तिथल्या तिथं बोटं मोजून पाळीची तारीख विचारली. लग्नघरात दोन दिवस कुणी ना कुणी चिमटा काढत होतं. आई म्हणाली, ‘तवापासून मी ठरवलं. मेले तरी कुणासमोर मळमळतंय म्हणायचं नाय.’ आणि मग, जणू साधी गोष्ट असावी तसं, हेही सांगितलं की एकोणिसाव्या वर्षी अपेंडिक्स काढलं तेव्हा भुलीनंतर दोन दिवस उलट्या झाल्या होत्या, टाके फाटतील असं वाटलं होतं.

मी म्हटलं, आधी भूल दिली असल्यास काही त्रास, हे फॉर्मवर लिहिलं होतं आई. ती म्हणाली, ‘तू ते विचारलंच नायस. तू म्हणालीस, त्रास वगैरे.’

पुढचे सात महिने तिनं दुसऱ्या ऑपरेशनचं नाव काढू दिलं नाही. एका कानानं चाललंय, देवानं दोन उगाच दिले, असं काहीतरी बोलून विषय उडवायची. पण उजवा कान उतरत होता. दाराची बेल ऐकू येईना. कुकरच्या शिट्या मोजताना चुकायला लागली. पापडाच्या गोलात ती सरकत सरकत कडेला, लाटून झालेले पापड वाळत टाकायच्या कामावर गेली होती, तिथं बोलायला कुणी नसतं. मालकीणबाईंनी काढलं नव्हतं, ती आपणहून उठून गेली होती. हे मला दुसऱ्याच एका बाईनं सांगितलं, आणि मी दिवाळी संपायची वाट न बघता रोह्याला फोन लावला.

आई शेवटी तयार झाली, पण एकच अट घातली. सगळ्यांना सांगत सुटायचं नाही.

तपासणीच्या दिवशी त्याच मॅडम समोर होत्या. गाडी परत काकांचीच, त्यामुळे काकाही खोलीत, आईच्या शेजारच्या खुर्चीवर. मी या वेळी फॉर्म हातात घेतलाच नाही. मॅडमनी स्वतःच कागद पुढे ओढला आणि विचारलं, मागच्या वेळी किती वेळा उलटी झाली? मी तोंड उघडलं. आईनं टेबलाखालून माझा गुडघा दाबला. मला वाटलं, झालं, आता परत धूळ.

आई म्हणाली, ‘मी सांगते. मला एसटीत होते, गाडीत होते, होडीत होते. अपेंडिसच्या टायमाला दोन दिवस झाली. मागच्या खेपेला सहा. आणि मी कुणाला सांगत नाय, कारण एकदा सांगितलं तर लोक हसले.’

ती काकांकडे बघत नव्हती. काका म्हणाले, ‘वयनी, ती टेंपोतली गोष्ट? ती तर मी कवाच इसरलो.’

‘मी नाय इसरले,’ आई म्हणाली.

काका उठून बाहेर गेले. लोकांना वाटेल मला बरं वाटलं असेल. मला उलट राग आला, ते विसरू शकलेच कसे. एका माणसानं कधीच मनातून काढून टाकलेल्या वाक्यामुळे दुसऱ्या माणसानं पंधरा वर्षं पोटातलं तोंडापर्यंत आलेलं गिळलं.

मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, बाईमाणूस, त्यात सिगरेट न ओढणारी (ओढणाऱ्यांना हे कमी होतं), गाडी लागणारी, आधी भुलीनंतर उलटी झालेली, त्यात कानाचं ऑपरेशन, म्हणजे न होणंच नवल होतं. आणि मग, ‘मागच्या वेळी मी नुसता फॉर्म वाचला. सात केसेस होत्या त्या दिवशी. पण विचारायला हवं होतं.’ मी भांडायला तयार होऊन गेले होते, पण नुसतं विचारलं, मग या वेळी काय करणार?

त्यांनी काय करणार ते सांगितलं, आणि ते इतकं साधं होतं की मला अजून पटत नाही. वायू हुंगवून भूल न देता सगळी शिरेतून द्यायची. सुरुवातीला उलटीविरुद्ध एक इंजेक्शन, संपताना दुसऱ्या प्रकारचं. दुखण्यासाठी जी जड औषधं पोट ढवळतात ती शक्य तितकी कमी. सलाईन भरपूर. शुद्धीवर आल्यावर घाई नाही, डोकं हळूहळू वर, आणि तिनं मागितल्याशिवाय खायला प्यायला काही नाही. घरी नेताना जिभेवर विरघळणारी गोळी. आणि त्या दिवशी गाडीचा लांबचा प्रवास नको, रोह्यातच राहा. एवढंच. हे सगळं पहिल्या खेपेलाही त्याच कपाटात होतं.

ऑपरेशनच्या दिवशी मावशी डबा घेऊन आलीच. मी दारातच अडवलं. ती म्हणाली, तू काय डॉक्टर झालीस काय? मी म्हटलं, नाही, पण मागच्या वेळची पेज मीच पुसली. ती फुगून जिन्यावर जाऊन बसली, डबा मांडीवर घेऊन. बसू दिलं.

आईला बाहेर आणलं. अर्धा तास ठीक. मग तिनं डोळे मिटले आणि गिळायला लागली. मला ते गिळणं ओळखू यायला लागलं होतं. नर्स तीच होती, ती म्हणाली, ‘थोडं होतंच...’ आणि मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही, मॅडमना बोलवा म्हटलं. मी आवाज चढवला होता, बाजूच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले. मॅडम आल्या, नळीतून आणखी एक औषध दिलं. आईला म्हणाल्या, आल्यासारखं वाटलं तर लगेच बोला, लाजू नका. आईनं हात वर करून सांगितलं, आता हाय. मग पाच मिनिटांनी, कमी हाय. मग, गेलं. ती हे असं सांगत होती आणि मी तिच्या पायाशी बसून उगाच तिची चादर नीट करत होते.

एकही उलटी झाली नाही. संध्याकाळी ती मावशीकडे चालत जिना चढली, आणि रात्री स्वतः मागून तीच पेज प्यायली, तेव्हा मावशीनं माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही.

महिन्याभरानं आम्ही दोघीच आगगाडीनं रोह्याला गेलो. सर्जननी आत बघितलं, या वेळी पटकन म्हणाले, ‘धरलाय. छान धरलाय.’ त्यांनी तिच्या डाव्या कानाशी बोटं चोळली, तिनं मान हलवली. मी रडायला लागले. आई रडली नाही. तिनं डॉक्टरांना विचारलं, मागच्या वेळी उलट्या झाल्या नसत्या तर तेव्हाच धरला असता काय? ते म्हणाले, बहुतेक धरला असता.

आम्ही स्टेशनवर आलो. बाकावर बसलो, गाडीला वेळ होता. मी ग्रुपवर टाकायला टाइप करत होते, धरला धरला असं, तेवढ्यात तिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि स्वतःच्या पिशवीत टाकला.

‘आठ महिने गो,’ ती म्हणाली. ‘आठ महिने मी कडेला एकटी पापड पालथे घातले. तुला एक ओळ नीट वाचून विचारता नाय आली. लोकांचे फॉर्म भरतेस, आईचा नाय भरता आला.’

मी म्हटलं, तू पण सांगितलं नाहीस. ती म्हणाली, मी नाय सांगितलं ते माझं. तुझं काय? आणि मग तिनं जे सुरू केलं. अक्षर, सही, अर्धं मिनिट, काउंटरवरच्या मुलीनं केलेलं कौतुक, सगळं तिला ठाऊक होतं, सगळं तिनं मोठ्या आवाजात काढलं. पलीकडच्या बाकावरची माणसं बघायला लागली. तिनं पर्वा केली नाही. आठ महिन्यांत ती माझ्यावर एकदाही चिडली नव्हती, मी जगावर चिडत होते आणि ती मला थंड करत होती.

गाडी आली, आम्ही चढलो, ती माझ्या उजव्या हाताला बसली, डावा कान माझ्याकडे करून, आणि बोलतच राहिली. मी एकदाही मध्ये बोलले नाही. तिचं बोलून संपलं तेव्हा नागोठणं मागे पडलं होतं.